समोर बसणाऱ्यांची भिंत

मोठी भित्तिचित्रे काढणाऱ्या माणसाला लोक सहसा विचारतात की चित्र किती फुटांचे आहे, किती उंचावर आहे आणि रस्त्यावरून ते कसे दिसेल. वृद्धाश्रमांसाठी आणि लहान गावांसाठी बरीच वर्षे भिंती रंगवल्यानंतर मला पहिला प्रश्न वेगळा वाटतो: या भिंतीसमोर रोज कोण बसणार आहे? शहरातल्या चौकातले चित्र येणारा-जाणारा क्षणभर पाहतो आणि पुढे निघून जातो. जळगाव, धुळे किंवा नंदुरबार जिल्ह्यातल्या एखाद्या वृद्धाश्रमाच्या ओसरीवरचे चित्र मात्र तीच माणसे सकाळच्या चहापासून संध्याकाळच्या प्रार्थनेपर्यंत बारा महिने पाहत असतात. गावातही तसेच असते, पारावर, एस.टी.च्या थांब्यावर, दूध डेअरीच्या ओट्यावर बसणारे चेहरे फारसे बदलत नाहीत. चित्रात काय असावे, ते किती उंचीवर असावे, त्यात कोणते रंग असावेत, हे सर्व त्या बसणाऱ्यांवरून ठरले पाहिजे, या मताशी मी दिवसेंदिवस अधिक ठाम होत चाललो आहे.

त्याआधी भिंतीचे ऐकावे लागते. खान्देशातली काळी माती पावसाळ्यात पाणी पिऊन फुगते आणि उन्हाळ्यात आकसते, त्यामुळे पाया उथळ असलेल्या इमारतींच्या भिंतींना खिडकीच्या कोपऱ्यापासून तिरक्या भेगा जातात. प्लॅस्टरवरच्या केसासारख्या बारीक भेगा भरून काढता येतात. पण दरवर्षी उघडणारी आणि मिटणारी तिरकी भेग कितीही भरली तरी पुढच्या उन्हाळ्यात चित्राच्या मधोमध पुन्हा दिसू लागते, म्हणून अशा भिंतीवर मी काम घेत नाही किंवा चित्राची मांडणीच अशी करतो की भेगेच्या दोन्ही बाजूंना वेगवेगळे प्रसंग येतील. दुसरा शत्रू म्हणजे ओल. जमिनीतून वर चढणारे पाणी सोबत क्षार आणते, ते सुकल्यावर भिंतीला लोणा लागतो आणि रंगाचे पोपडे सुटतात. अशा भिंतीवर तैलरंग लावणे म्हणजे ओल आत कोंडून ठेवणे होय. थोड्याच काळात फोड येतात. पाणी श्वासासारखे बाहेर पडू देणारा अ‍ॅक्रिलिक इमल्शन रंग अधिक टिकतो, पण तोही जुन्या चुन्यावर किंवा साध्या डिस्टेंपरवर थेट लावला तर खालच्या थरासकट सुटून येतो. म्हणून जुना थर खरवडणे, भिंत धुणे, ती पूर्ण सुकू देणे आणि नंतर प्रायमर लावणे या कामाला चित्राइतकाच वेळ द्यावा लागतो. नव्या सिमेंटच्या प्लॅस्टरला तर किमान चार आठवडे तसेच ठेवावे, कारण ताजे सिमेंट इतके अल्कधर्मी असते की त्यामुळे काही रंगद्रव्ये मरतात.

हंगामाचीही गोष्ट आहे. जळगाव-भुसावळकडे मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या वर जातो, आणि उन्हातली भिंत हवेपेक्षा कितीतरी अधिक तापलेली असते. रंग कुंचल्यावरच सुकतो आणि त्याचा थर नीट बसत नाही. पावसाळ्यात ओल. त्यामुळे दिवाळी आटोपल्यापासून शिमग्यापर्यंतचे दिवस आमच्या कामाचे खरे दिवस. तेव्हाही पश्चिमेची भिंत सकाळी आणि पूर्वेची भिंत दुपारनंतर, असा क्रम आम्ही पाळतो.

आता डोळ्यांविषयी, कारण याच ठिकाणी चांगल्या हेतूने काढलेली बरीच चित्रे वाया जातात. वय वाढते तसे डोळ्यातले भिंग पिवळसर होते आणि बाहुली कमी उघडते. साठीच्या माणसाच्या दृष्टिपटलापर्यंत विशीतल्या माणसाच्या तुलनेत साधारण एक तृतीयांशच प्रकाश पोहोचतो. निळा, जांभळा आणि राखाडी या रंगांतला सूक्ष्म फरक त्यांना कळेनासा होतो. तरुण चित्रकाराला मोहवणारी संध्याकाळच्या सातपुड्याची निळी-जांभळी डोंगररांग ऐंशी वर्षांच्या आजींना एकसारखा मळकट पट्टा म्हणून दिसू शकते. म्हणून डोंगर निळे ठेवायचेच असतील तर त्यांच्या कडा आकाशाच्या उजेडाविरुद्ध स्पष्ट ठेवाव्या लागतात. रंगाच्या फरकापेक्षा उजेड-अंधाराचा फरक मोठा ठेवावा लागतो. तांबडा, केशरी, पिवळा हे रंग त्या मानाने शेवटपर्यंत साथ देतात. चकचकीत रंग मात्र पूर्ण वर्ज्य, कारण खिडकीचा उजेड त्यावर परावर्तित होतो आणि मोतीबिंदू असलेल्या माणसाला चित्राऐवजी केवळ झगमगाट दिसतो.

उंचीचेही तेच. खुर्चीवर किंवा चाकांच्या खुर्चीवर बसलेल्या माणसाची नजर जमिनीपासून साधारण पावणेचार-चार फुटांवर असते. आपण परांचीवर उभे राहून काम करतो आणि नकळत चित्राचा सर्वांत जिवंत भाग आपल्या नजरेच्या उंचीवर नेतो. वृद्धाश्रमात मी कामाच्या पहिल्याच दिवशी एक खुर्ची मागून घेतो आणि भिंतीची आखणी त्या खुर्चीत बसून तपासतो. अंथरुणाला खिळलेल्यांच्या खोलीत चित्र काढायचे असेल तर खाटेवर आडवे होऊन, ते ज्या कुशीवर झोपतात त्या कुशीवरून भिंत पाहावी लागते. तिथे गर्दीचा प्रसंग, जत्रा, मिरवणूक असे काही काढू नये असे माझे मत आहे. दिवसभर डोळ्यांसमोर राहणाऱ्या चित्रात मोकळी जागा हवी. एक झाड, एक बांध, थोडे आकाश पुरते.

स्मृतिभ्रंश झालेल्या व्यक्ती जिथे राहतात तिथे आणखी काही पथ्ये आहेत. भिंतीवर हुबेहूब दार, पायऱ्या किंवा खोल विहीर काढू नये. कोणीतरी ते दार उघडायला जाते, पायरी समजून पाऊल टाकते. जमिनीवर गडद आकृती काढल्यास ती खड्ड्यासारखी भासते आणि चालणारा माणूस तिथेच अडखळतो. उलट स्वच्छतागृहाच्या दाराची चौकट भिंतीपेक्षा ठळक वेगळ्या रंगाची केली आणि बोळाच्या प्रत्येक वळणावर वेगळे, सहज ओळखू येणारे चित्र ठेवले, तर माणसे स्वतःच्या खोलीपर्यंत कोणाला न विचारता पोहोचू शकतात. ‘केळीचा घड आला की डावीकडे’ ही खूण खोली क्रमांकापेक्षा अधिक काळ लक्षात राहते. परदेशांतल्या काही संस्थांत बाहेर जाण्याचे दार पुस्तकांच्या कपाटासारखे रंगवून लपवतात, जेणेकरून रहिवासी बाहेर भटकणार नाहीत. सुरक्षिततेचे कारण मला समजते. पण ज्यांच्यासाठी आपण चित्र काढतो त्यांनाच चित्राने फसवणे मला मान्य होत नाही, आणि अशी मागणी आली तर दारापाशी माणूस ठेवण्याचा, अंगणात सुरक्षित फेरी मारता येईल अशी वाट करण्याचा पर्याय मी सुचवतो.

चित्रात काय असावे यावर सर्वांत जास्त चर्चा होते. व्यवस्थापनाची मागणी बहुतेक वेळा एकच असते: हसतमुख आजी-आजोबा, त्यांच्या मांडीवर नातवंडे, मागे उगवता सूर्य. हे चित्र पाहुण्यांना आवडते. पण ज्यांच्याकडे कोणी येत नाही, ज्यांना मुलाच्या घराचा उंबरा ओलांडून बरेच दिवस झाले, त्या माणसांना हे चित्र रोज जेवताना समोर पाहावे लागते, याचा विचार फार थोडे लोक करतात. मी अशा चित्राला नम्रपणे नकार देतो. त्याऐवजी त्यांच्या कामाचे, कौशल्याचे, गावाचे चित्र काढू या, असे सुचवतो. नातवंड नसलेल्या माणसालाही नांगरट येत असते, गिरणीतला साचा चालवलेला असतो, रेल्वेत सांधे बदललेले असतात, शंभर माणसांच्या पंगतीला मांडे केलेले असतात.

आणि ते चित्र नेमके असले पाहिजे, यावर माझा सर्वांत अधिक जोर आहे. ‘खेडेगाव’ म्हणून कौलारू घर, नारळाचे झाड आणि वळणाची नदी काढली तर खान्देशातली म्हातारी माणसे त्याकडे सभ्यपणे पाहून मान डोलावतात आणि विषय संपतो. त्याच जागी मातीच्या भिंतींचे धाब्याचे, म्हणजे मातीच्या सपाट छताचे, घर काढले, धाब्यावर पावसाळ्यापूर्वी खारी माती पसरणारा माणूस काढला, की ओसरीवर बोलणे सुरू होते. खारी माती कुठून आणायची, ती किती जाड पसरायची, धाबे गळू लागले की रात्री कोणती भांडी कुठे मांडायची, हे सांगायला प्रत्येकजण पुढे येतो. विहिरीतून बैलांकरवी पाणी उपसणारी कातडी मोट काढताना मी आखणी मुद्दाम अर्धवट ठेवतो. मग एखादे आप्पा काठी टेकत येतात आणि सांगतात की भरलेली मोट वर येते तेव्हा बैल धावेवरून, म्हणजे विहिरीपासूनच्या उतारावरून, खाली उतरत असतात आणि रिकामी मोट विहिरीत सोडताना ते मागे-मागे वर चढतात. मोटेच्या तोंडाचा जाड नाडा वरच्या चाकावरून जातो आणि सोंडेची बारीक दोरी खाली थारोळ्याच्या, म्हणजे पाणी पडते त्या कुंडाच्या, काठाच्या लाटेवरून, म्हणजे आडव्या लाकडी रुळावरून. हे सांगताना त्यांचे हात मोटेवरचेच हात होतात. शेजारी बसलेल्या आजी त्यांच्या गावच्या मोटेची गोष्ट काढतात, आणि एरवी एकमेकांशी न बोलणारी दोन माणसे दुपारभर बोलत राहतात. मुक्ताईनगरकडच्या माणसाला पूर्णा आणि तापीचा संगम हवा असतो, शहाद्याकडच्याला प्रकाशाचा घाट हवा असतो. दोघांनाही ‘नदी’ नको असते.

अमेरिकी मनोविकारतज्ज्ञ रॉबर्ट बटलर यांनी १९६३ मध्ये असे मांडले की म्हातारपणी माणूस मागे वळून आपले आयुष्य पाहतो, ते बुद्धी ढासळल्याचे लक्षण नसून स्वाभाविक आणि गरजेचे काम आहे. तोपर्यंत डॉक्टरसुद्धा अशा आठवणींत रमण्याला भ्रम समजत असत. भित्तिचित्र या कामाला जागा देऊ शकते, परंतु त्यासाठी त्यातल्या वस्तू ओळखीच्या असाव्या लागतात, नुसत्या जुन्या असून चालत नाही.

मांडणीचा धडा मात्र मला जवळूनच मिळाला. अजिंठा खान्देशच्या दक्षिण सीमेला लागून आहे. जळगावहून लेण्यांजवळच्या फर्दापूरला पोहोचायला दीड-दोन तास लागतात. लेण्यांतल्या पाचव्या शतकातल्या जातकचित्रांत, म्हणजे बुद्धाच्या पूर्वजन्मांच्या कथांच्या चित्रांत, प्रसंग बहुधा काळाच्या क्रमाने येत नाहीत, तर स्थळाच्या क्रमाने येतात, असे अभ्यासकांनी दाखवून दिले आहे: राजवाड्यात घडलेले सगळे प्रसंग राजवाड्याजवळ, अरण्यात घडलेले सगळे अरण्याजवळ, मग त्यांच्यामध्ये कितीही वर्षे गेलेली असोत. वृद्धाश्रमाच्या लांब बोळात मी हाच क्रम ठेवतो. ‘बालपण, तारुण्य, म्हातारपण’ अशी रांग लावली की तिच्या शेवटी काय येते हे सर्वांना ठाऊक असते. त्याऐवजी शेत, बाजार, स्टेशन, शाळा, नदीचा घाट अशा जागा लावल्या आणि प्रत्येक जागी बालपणीचे, प्रपंचातले, सणाचे प्रसंग एकत्र ठेवले, की कोणीही कुठूनही चित्रात शिरू शकतो. स्मृतिभ्रंश झालेल्या माणसाला साल आठवत नाही, पण बाजार आठवतो. शेताच्या भागात अक्षय्यतृतीयेचा, म्हणजे आखाजीचा झोका झाडाला बांधलेला असतो, आणि माहेरी आलेल्या मुलींची ती जागा आजी बोटाने दाखवतात.

अजिंठ्याकडून रंगांविषयीही शिकता येते. ती चित्रे सुकलेल्या मातीच्या गिलाव्यावर काढलेली आहेत आणि त्यांतले बहुतेक रंग माती-दगडांतले आहेत: गेरू, पिवडी, हिरवी माती. काळा काजळीचा, आणि लाजवर्द दगडाचा निळा तेवढा दूरवरून आलेला. आजच्या डब्यातल्या रंगांतही लोहाच्या ऑक्साइडचे तांबडे आणि पिवळे उन्हाला सर्वांत चांगले तोंड देतात, तर काही झगझगीत लाल आणि गुलाबी रंग खान्देशातल्या उन्हात दोन-तीन उन्हाळ्यांत विटतात. म्हणून बाहेरच्या भिंतीवर लुगड्याचा लाल रंग मी गेरूच्या जवळचा ठेवतो.

रहिवाशांनी स्वतः रंगवावे, असा आग्रह मी धरतो, पण त्याची तयारी नीट हवी. थरथरणाऱ्या हाताला बारीक कुंचला देणे म्हणजे त्याचा अपमान करणे होय. जाड मुठीचे, दोन इंची ब्रश द्यावेत, बसून हात पोहोचेल असा पट्टा द्यावा आणि आकार मोठे ठेवावेत. केळीची पाने यासाठी उत्तम, कारण पानाची फाटलेली कडा कशीही आली तरी खरीच वाटते. दम्याचे रुग्ण असतील तर कमी वासाचा रंग, उघड्या खिडक्या आणि एका वेळी बोळाचा एकच भाग. जमिनीवर अंथरलेल्या कापडात पाय अडकून वृद्ध व्यक्ती पडू शकते, म्हणून कापडाच्या कडा चिकटपट्टीने बसवाव्यात. हे सगळे केल्यावर, जेवणाच्या घंटेकडे दुर्लक्ष करून एक पान पूर्ण करत बसलेल्या आजींना उठवणे कठीण जाते, आणि उठवूही नये.

लहान गावांच्या भिंतींकडे वळताना एका दूरच्या गावाचे उदाहरण द्यावेसे वाटते. कॅनडात व्हँकुव्हर बेटावर शमेनस नावाचे लाकूडकटाईचे गाव आहे. तिथली मुख्य गिरणी बंद पडण्याच्या बेताला असताना, १९८२ मध्ये, गावाने आपल्या भिंतींवर स्वतःचा इतिहास रंगवायला घेतला. गिरणी १९८३ मध्ये बंद झाली, पण चित्रे वाढत गेली आणि आज चाळिसाहून अधिक चित्रे पाहायला लोक तिथे येतात. मला त्यातले महत्त्वाचे वाटते ते हे की त्यांनी जुन्या छायाचित्रांवरून गावातलीच माणसे आणि कामे रंगवली. आपल्या तालुक्यांच्या गावांत मात्र अनेक भिंतींवर एकच घोषवाक्य, एकच झाड आणि एकच पृथ्वीचा गोळा दिसतो. आसोद्याच्या बहिणाबाई चौधरींचे चित्र पुष्कळ ठिकाणी मागितले जाते आणि ते काढताना मला अभिमान वाटतो. पण प्रत्येक गावाकडे तिच्याशिवायही स्वतःचे काही असतेच.

पाचोरा आणि जामनेर यांच्यामध्ये अरुंद रुळांवरून धावणारी छोटी गाडी, जिला सगळे ‘पीजे’ म्हणत, ती त्या मार्गावरच्या गावांच्या भिंतींवर असायला हवी. तिच्यातून शाळेला गेलेली, भाजीच्या पाट्या घेऊन बाजार गाठलेली माणसे अजून आहेत, आणि डब्यांचा रंग कोणता होता यावर वाद घालायला तयार आहेत. सारंगखेड्याच्या दत्तजयंतीच्या यात्रेतला घोडेबाजार रंगवायचा असेल तर घोडा धावतो आहे एवढ्यावर भागत नाही. रेवाल चालीत एका बाजूचे पुढचे-मागचे पाय सोबत पडतात, आणि यात्रेत आयुष्य काढलेला जाणकार चित्रातल्या घोड्याचे पाय आधी पाहतो. अशा दोन-तीन जाणकारांना आखणीच्या वेळी बोलावले की ते चित्र गावाचे होते. भिंतीवर मजकूर लिहायचा असेल तर तोही गावाला विचारून लिहावा. यावल-रावेरच्या भिंतीवर लेवा बोली शोभते, अमळनेर-धुळ्याकडे अहिराणी. आखणी पाहून ‘हाई आमनं गाव शे’ असे कोणी म्हटले की मी रंग कालवायला घेतो.

पैशांविषयीही स्पष्ट बोलले पाहिजे. बहुतेक कामे चौरस फुटाच्या दराने दिली जातात, आणि त्या दरात भिंतीची डागडुजी, परांची, रंग आणि मेहनत सगळे एकत्र असते. यामुळे खरवडणे आणि धुणे यांवरच काटछाट होते, कारण ते फोटोत दिसत नाही. चाळीस फूट लांब आणि बारा फूट उंच भिंत म्हणजे ४८० चौरस फूट. एक लिटर इमल्शन दोन हातांत, म्हणजे दोन थरांत, साधारण ५० ते ६० चौरस फूट भरते असे धरले, तर आठ-दहा लिटर रंग लागतो. रंगाचा खर्च त्यामुळे ग्रामपंचायतीला वाटतो तितका मोठा नसतो. मोठी असते ती तयारी आणि माणसांची मजुरी. अंदाजपत्रकात भिंतीच्या तयारीची रक्कम वेगळी लिहावी आणि ती कमी करू नये, एवढी विनंती मी प्रत्येक ठिकाणी करतो.

भिंतीच्या तळाच्या दीड-दोन फुटांत चित्र काढू नये. पावसाचे शिंतोडे, चिखल, थुंकी, टेकवलेल्या सायकली हे सगळे त्या भागावर येते. जुन्या घरांना खालून गेरूचा पट्टा असे, तसाच तिथे ठेवावा. तो दर दिवाळीला कोणीही पुन्हा सारवू-रंगवू शकतो. काम संपल्यावर वापरलेल्या प्रत्येक रंगाचा अर्धा लिटर हवाबंद डब्यात, त्यावर रंगाचा क्रमांक आणि तो चित्रात कुठे वापरला हे लिहून, कार्यालयात ठेवावा. धुण्यासाठी मऊ फडके आणि साधे पाणी पुरते. आणि डाग भरण्याचे काम आश्रमातल्या किंवा गावातल्या एका ठराविक व्यक्तीकडे द्यावे, जिने चित्र होताना पाहिले आहे. एका ठिकाणी हे काम एका निवृत्त ड्रॉइंग शिक्षकांकडे आहे आणि ते दर हिवाळ्यात मोटेच्या बैलांची शिंगे पुन्हा रंगवतात, दर वेळी थोडी अधिक लांब.